तलवारीचे खडे

८ जून

धाकटे,

फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कोण काय म्हणालं ते दोघींनाही कळत नाही, म्हणून ही मेल लिहितेय. शिवाय हे फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस आणि मी फोन ठेवला असता. आता हवं तेवढं हस, मला ऐकू येणार नाही.

तुझी भाची माझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊक आहेच. का बोलत नाही तेही तू तिच्या तोंडून ऐकलं असशील, तेव्हा आता माझी बाजू ऐक. ऑफिसातली चांगली खुर्ची सोडून पोरगी पवनचक्क्या दुरुस्त करायच्या नोकरीला गेली. त्या मनोऱ्यांवर चढायचं आणि वर जाऊन यंत्राचे बोल्ट आवळायचे. मी काही अडवलं नाही. रडले, जेवणावर बहिष्कार टाकला, पण त्याला कोणी अडवणं म्हणत नाही. ती तिकडे रुजू झाल्यावर मी फक्त तिच्या सुपरवायझरला फोन करून विचारलं, की वर चढताना हिचा पट्टा नीट बांधलाय का ते कुणी बघतं का. मग इकडे वारा सुटला तेव्हा पुन्हा विचारलं. मग बातम्यांत वादळाचं काहीतरी सांगितलं तेव्हा आणखी एकदा. ते वादळ भलत्याच दिशेला चाललं होतं हे मला मागाहून कळलं.

झालं, तेव्हापासून ती चढायला लागली की खालची सगळी मंडळी विचारतात, 'आईची परवानगी घेतलीस का?' आणि पोरीने मला बजावलं, की मी आपणहून फोन करीन तेव्हाच बोलायचं. तो फोन अजून आलेला नाही. दर रविवारी 'ठीक आहे' एवढा मेसेज येतो. मी एक्स-रे काढणारी बाई. तो मेसेज उजेडाला धरून बघते, कुठे बारीकशी चीर दिसते का. दिसत नाही.

आता खरी गोष्ट. तिचा जुना कॉम्प्युटर इथेच आहे आणि त्यात तिचा तो खेळ आहे. कॉलेजपासून खेळते तो. त्यात तिचं नाव ठिणगी. ठिणगी म्हणजे चिलखत घातलेली एक धिप्पाड बाई, जी इतर लोकांबरोबर फिरते आणि राक्षस मारते. आपापल्या घरी बसून माणसं त्यात एकत्र येतात. ती कामावरून आली की संध्याकाळी त्यातच असते, हे मला माहीत होतं. म्हटलं, पोरगी भेटत नाही तर ठिणगी तरी भेटेल. लांबून बघायचं. बोलायचं नाही.

खेळात शिरताना नाव विचारतात. मी विचार करतेय तोच तुझे भावजी आतून चष्मा कुठे आहे म्हणून ओरडायला लागले. त्यांना 'थांबा जरा' म्हणता म्हणता बोटांनीही तेच टाइप केलं आणि ते कायमचं चिकटलं. तर मी आता 'थांबाजरा' या नावाची एक योद्धी आहे. पहिल्याच दिवशी मला एका बेडकाने ठार मारलं.

घरात मी सांगितलंय की हॉस्पिटलचं ऑनलाइन ट्रेनिंग चालू आहे. तू तोंड बंद ठेव.

तुझी ताई


१५ जून

ताई,

हसले. भर चौकात हसले. शेजारी शिकाऊ गृहस्थ क्लच सोडत होते. त्यांना वाटलं मी त्यांच्या क्लचला हसले, गाडी बंद पडली, मागे रांग लागली. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव तू असंच मातीत घालणार आहेस.

आता हसू आवरून सांगते. आमच्या शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. नव्या शिक्षिकेला मी पहिली गोष्ट हीच सांगते, की पाय त्याच्यावर ठेवायचा, दाबायचा नाही. सारखा दाबलास तर समोरचा कधीच शिकत नाही, उलट तुझाच गुडघा दुखतो. तू ती पोरगी चालायला लागल्यापासून दाबून बसली आहेस.

म्हणे लांबून बघणार. शाळेच्या सहलीला तू तिच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून गेली होतीस, तेही लांबूनच होतं. ती परत आली तेव्हा तिच्यापेक्षा तुलाच जास्त उलट्या झाल्या होत्या.

ताई, नीट ऐक. हा खेळ तिची स्वतःची जागा आहे. तू तिथे नाव लपवून शिरली आहेस हे तिला कळलं, तर तिला ते सुपरवायझरला केलेल्या फोनापेक्षा वाईट वाटेल. मग रविवारचा तो 'ठीक आहे' पण येणार नाही. एक तर सरळ सांग की मी आहे, नाहीतर बाहेर पड.

बेडकाबद्दल वाईट वाटलं.

धाकटी


१३ जुलै

धाकटे,

बाहेर पडायचं ठरवलं होतं. खरंच. पण मग मला नोकरी लागली.

लढाई माझ्याच्याने होत नव्हती. बेडूक झाला, डास झाले, एकदा तर मी स्वतःच्या पायाने विहिरीत पडून मेले. तेव्हा कुणीतरी दया येऊन सांगितलं की बाई, सॉरी, 'भावा' म्हणाला तो मला, लढायला जमत नसेल तर लोहार हो. त्या खेळातल्या गावात एक भट्टी आहे. माणसं आपली हत्यारं, चिलखतं घेऊन तिथे येतात. राक्षस मारून मिळवलेले खडे सोबत आणतात. लोहाराने खडा लावायचा, पडद्यावर एक रेघ सरकत असते, ती नेमकी मध्यावर आली की हातोडा मारायचा. बरोबर पडला की ती वस्तू एक पायरी वर चढते, जास्त मजबूत होते. काही पायऱ्यांपर्यंत धोका नसतो. त्यापुढे मात्र वस्तू चढेल किंवा फुटून जाईल. फुटली की संपलं, महिनोन्‌महिन्यांची मेहनत राख.

आणि धाकटे, माझा हात चालतो. इतकी वर्षं मी लोकांना 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणत नेमक्या क्षणी बटण दाबत आलेय, त्याचं कुणी कधी कौतुक केलं नाही. इथे माझ्यापुढे रांग लागते. तिथली एक प्रथा आहे. मोठं काम करण्याआधी दोन-चार भंगार सुऱ्या मुद्दाम फोडायच्या, म्हणजे वाईट नशीब त्यांच्यावर खर्च होतं. मी सुरुवातीला या अडाणीपणाला हसले होते. काल एका गिऱ्हाइकाला मीच म्हटलं, सुऱ्या आणल्याशिवाय मी हातोडा उचलणार नाही.

काही लोहार लोकांच्या वस्तू घेऊन पळून जातात, त्यामुळे विश्वासाचा माणूस मिळाला की बातमी पसरते. ती ठिणगीपर्यंत गेली आणि एका संध्याकाळी ठिणगी माझ्या भट्टीसमोर येऊन उभी राहिली. मी खुर्चीतून उठले. केस सारखे केले. मग लक्षात आलं की तिला मी नाही, दाढीवाला एप्रन घातलेला इसम दिसतोय, कारण मुंडकं निवडताना मी चुकीचं बटण दाबलं होतं.

'हातमोजे मजबूत करून देशील?' तिने लिहिलं.

मी 'करते' लिहिणार होते. खोडलं. दुकानात पाटी असते तसं लिहिलं, 'करून मिळतील.'

तेव्हापासून ती येते. काम नसलं तरी येते, भट्टीशेजारी ठिणगीला बसवून ठेवते आणि लिहीत बसते. कामावरच्या गमती सांगते. मी हं, बरं, असं लिहिते. माझ्याशी कधी इतकं बोलली नव्हती गं. परवा एकदम म्हणाली, आमच्या घरीपण एक आहे, सारखं 'थांबा जरा' म्हणणारी. मी विचारलं, मग बोलत नाही का घरी?

ती म्हणाली, 'बोलायचं असतं. मी काय करते ते तिला सांगावंसं वाटतं. पण मी काही बोलायच्या आत ती पट्ट्याचं विचारते. मग माझ्या सगळ्या गोष्टीत तो पट्टाच उरतो.'

मग तिने विचारलं, 'झोपलास का रे?' इकडे मी पदराने डोळे पुसत होते आणि तिकडे माझा दाढीवाला खुशाल ऐरणीवर घाव घालत होता.

तू म्हणशील आता सांगून टाक. कशी सांगू? सांगितलं की ती उठून जाईल, आणि मला तिचं बोलणं ऐकायला हीच एक जागा उरली आहे. मला लबाड म्हण, काय वाटेल ते म्हण. थोडे दिवस राहू दे.

ताई


३१ जुलै

ताई,

लबाड तर आहेसच, पण दाढीवाली लबाड आहेस हे ऐकून माझा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा असा आहे. भाचीचा परवा मला फोन आला होता. अर्धा तास एका लोहाराचं गुणगान. थोडा विक्षिप्त आहे मावशी, फार बोलत नाही, पण हात सोन्याचा आहे, आणि ऐकून घेतो. मी गाडीत होते. खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी उगाच शिकाऊ मुलीवर ओरडत राहिले, आरशात बघ, आरशात बघ. ती बिचारी अख्खा रस्ता आरशात बघत गेली.

ताई, जितका उशीर करशील तितकं ते जड होत जाणार. तिला तो लोहार आवडायला लागलाय. त्याच्या जागी तू निघालीस तर तिची दोघंही जातील.

बाकी पोरगी मजेत आहे. पात्यांच्या कामावर घेतल्यापासून दमून येते म्हणाली. साहजिकच आहे, दिवसभर बाहेर दोराला लटकून ती पाती घासायची, सांधायची म्हणजे हात भरून येणारच. पण हे तुला तिने भट्टीपाशी सांगितलं असेलच.

धाकटी


४ ऑगस्ट

धाकटे,

नव्हतं सांगितलं.

दोराला लटकून. तू हे इतक्या सहज लिहिलंस, जणू दोरीवर कपडे वाळत घातलेत. मला वाटत होतं ती मनोऱ्याच्या आतल्या शिडीने चढते, आत बसून बोल्ट आवळते आणि खाली येते. आतल्या शिडीची सवय करून घ्यायलाच मला इतके महिने लागले होते. तुझी मेल मी शुक्रवारी ड्युटीवर वाचली. त्यानंतर जे पेशंट आले त्यांना मी नुसत्या मनगटाच्या फोटोसाठीसुद्धा शिशाचा एप्रन गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बांधला. एक आजोबा म्हणाले, बाई, मी युद्धावर चाललोय का.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी ठिणगी भट्टीवर आली. दुसऱ्या दिवशी त्यांची मोठी लढाई होती. डोंगराएवढा एक राक्षस आहे, त्याला आजवर त्यांच्या टोळीला मारता आलेलं नाही. ठिणगीची तलवार टोळीत सगळ्यात जड, तीच चालली तर तो पडणार. त्यासाठी सगळ्यांनी मिळून कितीतरी महिने दुर्मिळ खडे जमवले होते. ते सगळे तिने माझ्या हातात दिले, तलवार दिली, आणि अंगातलं चिलखतही उतरवून दिलं. म्हणाली, 'खडे सगळे तलवारीला लाव. चिलखताला बारीक चीर गेलीय, ती तेवढी सांधून ठेव. मी जेवून येते.'

मी ते चिलखत हातात घेतलं. चीर बरोबर छातीवर होती. धाकटे, मी तुला शपथेवर सांगते, मला तो खेळ आहे हे माहीत होतं. तरी मला त्या चिरेतून दोर दिसत होता. म्हटलं, एक खडा चिलखताला लावू, एकाने काय होतंय. लावला. चीर गेली. चिलखत जरा चकाकलं. मला बरं वाटलं. मग दुसरा लावला. सुऱ्यासुद्धा फोडल्या मधून मधून, विधी सोडला नाही. तिचं जेवण होईपर्यंत सगळे खडे चिलखतात गेले होते आणि ते असं काही झळकत होतं की रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. इतका चांगला हात माझा आयुष्यात लागला नव्हता. तलवार होती तशीच बाजूला पडलेली.

ती आली. चिलखत बघितलं. मग विचारलं, 'तलवार?'

मी लिहिलं, 'आधी अंगावरचं भक्कम असावं.'

ठिणगीने तलवार उचलून घेतली. मग लिहिलं, 'मी तलवार सांगितली होती.' आणि गेली.

शनिवारी मी त्यांची लढाई बघायला गेले. टेकडीच्या कडेला झुडपात लपून. राक्षसाने एकेकाला लोळवलं. सगळी टोळी मेली आणि ठिणगी एकटी उभी राहिली. राक्षस तिला मारत होता, तिला काही होत नव्हतं. ती राक्षसाला मारत होती, त्यालाही काही होत नव्हतं. बाकीचे मेलेले तिच्या पायाशी पडून हे बघत होते. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. शेवटी तिने तलवार खाली टाकली आणि ती त्या मारात तशीच उभी राहिली. मी तिला सुखरूप ठेवलं होतं गं. इतकं सुखरूप ठेवलं होतं की तिला काही करताच येत नव्हतं.

काल रविवार झाला. 'ठीक आहे' आला नाही.

सुपरवायझरचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. मी फक्त समोर उभी आहे. फोन दुसऱ्या खोलीत आहे.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

तो कागद फ्रिजवरून काढ आणि चुलीत घाल.

ती धडधाकट आहे. रविवारी तिचा मला फोन आला होता. इकडचं तिकडचं काही नाही, एकच विचारलं, 'मावशी, आईला पात्यांच्या कामाचं तू सांगितलंस का?' मला खोटं बोलता येत नाही आणि त्या वेळी शेजारी ओरडायला शिकाऊपण कुणी नव्हतं. मी हो म्हटलं. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ मला लागलेला नाही, तेव्हा विचारू नकोस. लोहार कोण ते तिला कळलंय एवढं नक्की.

माझंही चुकलं. तुला माहीत असेल असं धरून चालले. पण काही झालं तरी त्या माणसाला फोन करायचा नाही. तू आता तो एक फोन केलास तर मी तुला माझ्या गाडीखाली घेईन, आणि ब्रेक दाबणार नाही.

धाकटी


१२ ऑगस्ट

आई,

हे खेळातल्याच टपालाने पाठवतेय, कारण इथे पत्रासोबत वस्तू जोडता येतात. वस्तूंचं शेवटी लिहिते.

चिलखत बघितलं तेव्हाच मला कळलं. माझ्या वस्तू घेऊन पळालेला लोहार मी पाहिलाय. सोन्यासारखी तलवार फोडून वर 'नशीब तुझं' म्हणणारा पाहिलाय. पण सांगितलेलं काम सोडून मला जाडजूड कपडे घालून बाहेर पाठवणारा लोहार जगात एकच असू शकतो. मावशीला विचारलं ते नुसती खात्री करायला.

राग आला. अजून आहे. टोळीतले लोक मला अजून विचारतात, 'तुला मरायला जमत नाही का गं?' तुझ्यापासून जे लपवत होते ते सगळं मी तुझ्याच पुढ्यात बसून बोलले, ह्याचा तर वेगळाच राग. पहिले काही दिवस मी ठरवलं होतं की आता काही म्हणजे काही कळवायचं नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. मी इतक्या गोष्टी तुला सांगितल्या आणि तू एकदाही मध्ये बोलली नाहीस. म्हणजे तुला येतं. दाढी लावून का होईना, येतं.

पट्ट्याचं एकदाच सांगते. चढायच्या आधी माझा पट्टा माझा जोडीदार तपासतो आणि त्याचा मी. दोघांनी तोंडाने 'तपासला' म्हटल्याशिवाय जमिनीवरून पाय उचलायचा नाही, अशी इथली रीतच आहे. जोडीदाराशी भांडण झालेलं असलं तरी. हे तुला आधी माहीत असायला हवं होतं, पण तू ते मला कधी विचारलंच नाहीस. सुपरवायझरला विचारलंस.

सोबत माझी तलवार आहे. खडेही आहेत, टोळीने पुन्हा जमवलेत, थोडे उसनेही आणलेत. शनिवारी संध्याकाळी मी भट्टीवर येते. सगळे तलवारीलाच लावायचे, माझ्यासमोर. धोक्याच्या पायरीच्या पुढे जायचं. मोडली तर माझी मोडेल. सुऱ्या फोडायच्या नाहीत, तसलं काही नको.

जमणार नसेल तर वस्तू परत पाठव, मी दुसरा लोहार बघेन.

तुझी लेक


१७ ऑगस्ट

धाकटे,

लेकीचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मीपण काय काय वाचलं त्यात. आधी वाटलं सगळं संपलं, मग वाटलं सुरू झालं, मग तुझ्या भावजींनी विचारलं ट्रेनिंगचा निकाल लागला का. मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं पास का, मी म्हटलं शनिवारी तोंडी परीक्षा आहे. त्यांनी माझ्यासाठी शनिवारी स्वतः स्वयंपाक केला. बिचाऱ्यांना कधीतरी खरं सांगायला हवं.

शनिवारी ठिणगी आली. भट्टीसमोर उभी राहिली, बसली नाही. 'आई' म्हणाली नाही, 'थांबाजरा'ही म्हणाली नाही. 'लाव' एवढंच.

मी लावायला लागले. पहिल्या पायऱ्या काही वाटलं नाही, तिथे काही होत नाही हे माहीत असतं. तलवार निळी झाली, मग पांढरी. धोक्याच्या पायरीशी आले तेव्हा हातोडा खाली ठेवला. मी लिहिलं, 'इथे थांबलं तरी चांगली आहे.'

'पुढे.'

मारला. चढली. इतकी देखणी दिसत होती ती, तुला काय सांगू. तिने पुन्हा लिहिलं, 'पुढे.' चढली. माझ्या मनात आलं, आता खडे संपले असं सांगावं, एक मागे ठेवून द्यावा. अजूनही माझं मन असलंच काहीतरी सुचवतं. शेवटचा खडा ऐरणीवर ठेवला, रेघ सरकायला लागली, मध्यावर आली, आणि माझा हात अगदी बरोबर पडला. हे मी तुला मुद्दाम सांगतेय, हात चुकला नव्हता. तरी तलवार फुटली. वर प्रकाश झाला, खाली काही नाही. मूठसुद्धा शिल्लक नाही.

मी पडद्याकडे बघत बसले. टोळीचे सगळे खडे, उसने आणलेले, सगळं गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं. आता पोरगीपण गेली, असं मी मनाशी म्हटलं.

आणि फोन वाजला.

'गेली की गं, आई,' ती म्हणाली.

'गेली,' मी म्हटलं.

'हात बरोबर पडला होता. मी बघत होते.'

'हो.'

मग ती हसायला लागली. मला आधी वाटलं रडतेय, म्हणून मीपण रडायला लागले. मग कळलं हसतेय, तोवर मला थांबता येईना. तुझे भावजी झारा घेऊन आतून धावत आले. मी त्यांना हातानेच सांगितलं, नापास. ते पाठीवर थोपटून परत गेले.

आम्ही बोललो, धाकटे. मी फारसं काही बोलले नाही, तीच बोलत होती. जोडीदार घोरतो, दुपारी वर पात्यावर बसून डबा खातात, एकदा खालून ढग गेला आणि त्यांना जमीन दिसेना, हे सगळं. मी हं, बरं, म्हणत होते. हं म्हणताना माझ्या मनात जे काय चाललं होतं ते मी तुला सांगत नाही, तुला अंदाज आहे. दोन-तीनदा मी ओठ दाताखाली धरला. अजून दुखतोय.

शेवटी म्हणाली, 'परवा सगळ्यात उंच मनोऱ्यावर जायचंय. नव्या जागी. तिथे वारं जास्त असतं.'

आणि मुद्दाम थांबली. मी काय म्हणते याची ती वाट बघतेय हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळत होतं.

मी म्हटलं, 'जा.'

'आणखी काही?'

'नाही. जा.'

पलीकडून तिच्या खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता.

मग म्हणाली, 'आई, पट्टा मी नीट बांधते. आणि तपासूनच घेते, रोज.'

मी विचारलं नव्हतं, धाकटे.

ताई